केस कमी, म्हणजे कॉपी कमी?

जीआरईची तयारी केलेल्या अनेकांना ग्रोव्हटन कॉलेज आठवत असेल. हे कॉलेज फक्त सरावाच्या प्रश्नात आहे. तिथे प्राध्यापकांची परीक्षेवर कडक नजर असायची, तेव्हा वर्षाला सरासरी ३० कॉपी केस व्हायच्या. मग ‘ऑनर कोड’ आला : मी कॉपी करणार नाही आणि कुणाचा संशय आला तर शिक्षकांना कळवीन, ही विद्यार्थ्यांची हमी. पहिल्या वर्षी २१ केस, पाच वर्षांनी १४. म्हणून सगळ्या कॉलेजांनी हाच मार्ग धरावा, असा युक्तिवाद. तो तपासायला लावणारा प्रश्नप्रकार सप्टेंबर २०२३पासून जीआरईतून गेला, याची मला खंत वाटते.

गैरसमज : केस निम्म्याहून कमी, म्हणजे कॉपीही तितकीच घटली.

वस्तुस्थिती : इथे मोजणाराच बदलला. मागच्या बाकावरचा मुलगा उत्तरपत्रिकेखालची चिठ्ठी सरकवतो. पूर्वी ते प्राध्यापकांच्या नजरेत यायचं, आता फक्त शेजारच्या मुलीला दिसतं. तिने नाव सांगायचं, तेही रोज ज्याच्यासोबत प्रॅक्टिकल करायचं त्याचं. ती गप्प बसली की केस होतच नाही, कॉपी मात्र झालेली असते. विद्यार्थीसंख्या घटली असेल, तर तेही कुणी सांगितलेलं नाही. आपल्याकडे दहावी-बारावीच्या केस घटल्याची बातमी वाचतानाही भरारी पथकं किती केंद्रांवर पोहोचली, हे आधी विचारावं.

गैरसमज : कोड असेल तर कॉपीचा मोह कमी होईल, असं ग्रोव्हटनचे बहुतेक विद्यार्थीच त्या प्रश्नातल्या सर्वेक्षणात म्हणाले.

वस्तुस्थिती : पुढे कसं वागू, हे सांगायला कुणाचं काय जातं?

गैरसमज : मग ऑनर कोड कुचकामीच.

वस्तुस्थिती : असंही नाही. डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांचा ३१ संस्थांमधल्या सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी केस मोजल्या नाहीत, तुम्ही स्वतः काय केलंत ते विचारलं. कोड असलेल्या ठिकाणी कॉपीची कबुली कमी निघाली. पण सर्वांत घट्ट संबंध दिसला तो सोबतचे विद्यार्थी काय करतात याच्याशी. स्टॅनफर्डमध्ये १९२१पासून ऑनर कोड आहे, त्यामुळे परीक्षेत पर्यवेक्षक नसत. २०२३मध्ये तिथेही प्रायोगिक तत्त्वावर पर्यवेक्षणाला मंजुरी मिळाली.