मागे घेतलेला हात

पनवेलच्या भातखाचरांत बैलांचे नांगर चालायचे, तेव्हा गाय दुधापेक्षा पुढच्या बैलजोडीसाठी पाळली जाई. व्यायल्यावर वार अडकली की पहिला उपाय बांबूचा पाला. त्याने भागलं नाही तर लोंबणाऱ्या वारेला दगड बांधायचा. शेवटी एखादा जाणता गडी हात घालून ती ओढून काढी. भर पावसात, ओल्या गोठ्यात, शेणाच्या हातांनी. गाय बहुधा वाचे; पण मग माजावर येईना, आली तर गाभण न राहता उलटत राही. खापर तिच्या नशिबावर फुटे.

1970 साली दुधाचा महापूर योजना आली आणि त्याच वर्षी नवी मुंबई वसवणारी सिडकोही. एकीमुळे दुधाला रोख पैसा दिसू लागला, दुसरीने पनवेल-उरणकडची खाचरं घेतली. उरल्या गोठ्यांत पुढे कृत्रिम रेतनाने संकरित गाय आली. ती गाभण राहिली नाही तर भाकड महिन्यांची पेंड खिशातून जाते, म्हणून उलटणारी गाय आता हिशोबात बोचू लागली.

डॉक्टर आले तरी हात घालणं सुटलं नाही, फक्त हातमोजा चढला आणि मागोमाग गर्भाशयात गोळ्या किंवा आयोडीनचं द्रावण. वार गर्भाशयाला बटणांसारख्या गाठींनी धरलेली असते. ती ओढली की अस्तर दुखावतं आणि जंतूंना आयती वाट मिळते. वार हाताने काढून पुढची गर्भधारणा सुधारत नाही, हे अभ्यासांतून दिसत गेलं. मुळात पहिल्या दोन आठवड्यांत जवळपास प्रत्येक गायीच्या गर्भाशयात जंतू असतातच. बहुतेकींचे आपोआप जातात.

2006 मध्ये संशोधक मार्टिन शेल्डन आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयाच्या या आजारांच्या व्याख्या नेमक्या केल्या. 21 दिवसांच्या आत दुर्गंधी, लालसर-तपकिरी पातळ स्राव आणि ताप, तो एक आजार. त्यानंतर दिसणारा पू हा दुसरा. तिसरा प्रकार मला सर्वांत खोडसाळ वाटतो: बळस, म्हणजे माजातला चिकट स्राव, काचेसारखी स्वच्छ, पण सूक्ष्मदर्शकाखाली दाहाच्या पेशी. शिवाय ई. कोलाय या जंतूचं विष बीजांडकोशापर्यंत पोचून तिथल्या कामात बिघाड करतं. त्यामुळे पू थांबल्यावरही गाय उलटू शकते.

आता सल्ला साधा आहे. ताप असेल तर इंजेक्शन, नसेल तर वार आपोआप गळू द्यायची. तोवर गोठ्यात वास सुटतो, आणि हात न घालणाऱ्या डॉक्टरला फी देताना मालक कुरकुरतो.