आजोबांचं इंजिन आणि माझा स्टायपेंड

माझी पहिली चूक साडेचार हजारांची होती. इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड हातात आला आणि रात्री एक वाजता, फोनवर फोटो बघून, मी एक डिझेल इंजिन मागवलं. खेळण्यातलं. म्हणजे तसं नाही म्हणायचं, ‘मॉडेल’ म्हणायचं, या छंदातली माणसं लगेच चूक सुधारतात. फोटोत ते लांबलचक, सहा आसांचं, एकदम रुबाबदार दिसत होतं. घरी आलं, रुळावर ठेवलं, कंट्रोलर फिरवला. सरळ रुळावर दोन फूट झकास गेलं आणि पहिल्याच वळणावर बाहेर. पुन्हा ठेवलं, पुन्हा बाहेर. आठव्यांदा आजोबा म्हणाले, “अगं, राहू दे आता. इंजिनाचा दोष नाही, वळणाचा आहे.” ऑनलाइन विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. वस्तू चालते ना, मग प्रश्न काय, असं त्याचं म्हणणं.

आधी हे कशासाठी, ते सांगते. आमचं घर घोरपडीत. आजोबा डिझेल शेडमध्ये फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. लहानपणी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या इंजिनांचा आवाज यायचा आणि ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, “हे ऑल्को. ऐक, लंगडतंय कसं.” ऑल्कोचं इंजिन उभ्या उभ्या चालू असलं की ठेका एकसारखा नसतो, लंगडी घातल्यासारखा येतो. गेल्या वर्षी आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फिरणं थांबलं. तिकडे एकेका मार्गावर विजेच्या तारा आल्या. कोकण रेल्वेचं पूर्ण विद्युतीकरण जून २०२२ मध्ये देशाला अर्पण झालं, मिरज-कोल्हापूरकडच्या गाड्याही आता विजेवर. चांगलंच आहे ते, धूर नाही, खर्च कमी. पण आजोबा एका संध्याकाळी म्हणाले, “आता रात्री काही ऐकूच येत नाही.” त्यांना कानाची तक्रार नव्हती करायची.

म्हणून ठरवलं, घरात एक छोटा लेआउट करायचा. प्लायवूडचा तुकडा, गोल रूळ आणि त्यावर डिझेल. हा छंद म्हणजे जाम श्रीमंतांचं काम, असं मलाही वाटायचं. चुकीच्या क्रमाने खरेदी केली तर ते आहेच तसं.

वळण आधी, इंजिन नंतर

मॉडेलचं माप म्हणजे स्केल. सगळ्यात जास्त चालणारं ‘एचओ’, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्शाचं, १:८७. त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. आपल्या कोणत्याही जुन्या लोकप्रिय डिझेलचं, म्हणजे डब्ल्यूडीएम-२ चं एचओ मॉडेल केलं तर ते साधारण वीस सेंटीमीटर लांब होईल. त्याहून लहान ‘एन’ स्केल, १:१६०, रूळ ९ मिलिमीटरचे. होस्टेलच्या खोलीत किंवा पीजीमध्ये राहत असाल तर डोळे झाकून एनकडे जा. कारण सोपं आहे. एचओच्या सेटमध्ये मिळणारं नेहमीचं वळण १८ इंच त्रिज्येचं असतं, म्हणजे गोल पूर्ण करायला ३६ इंच आणि कडेला थोडी जागा, चार फूट रुंदीचा प्लाय लागला. एनचं लहान वळण दहा इंचांच्या आत असतं. ते टेबलावर बसतं.

मी काय केलं होतं? जागा कमी म्हणून कुठूनतरी १८ इंचांहूनही लहान त्रिज्येचे सेकंडहँड रूळ जमवले आणि त्यावर सहा आसांचं लांब इंजिन आणलं. लांब इंजिनाच्या एका ट्रकमध्ये तीन आस असतात (आजोबांची ताकीद, याला ‘बोगी’ म्हणायचं. आपण डब्याला बोगी म्हणतो ते त्यांना सहन होत नाही). तीन आसांची बोगी लहान वळणात अडते, मधलं चाक कडेला घासतं, इंजिन चढतं आणि पडतं. चार आसांचं, म्हणजे दोन-दोन चाकांच्या जोड्यांचं इंजिन त्याच वळणावरून आरामात जातं. मोठं डिझेल आवडतं? मग २२ इंच त्रिज्या धरा आणि खोलीही तेवढी मोठी धरा.

थोडक्यात, मोजपट्टी आधी घ्या. हे मला साडेचार हजार जाण्याआधी कुणी सांगितलं असतं तर त्याला मिसळ खायला घातली असती.

डिझेलच का?

स्वस्तातलं इंजिन घ्यायचं असेल तर स्टीमच्या नादी लागू नका, हा सल्ला मला जवळजवळ प्रत्येकाने दिला. स्टीम इंजिन दिसायला देखणं, पण त्याला बाहेरून दांडे, क्रँक, मागे टेंडर. इतकी हलती कामं बारीक करायची म्हटली की किंमत वाढते, आणि स्वस्तात केली की पहिली तीच बिघडतात. डिझेल म्हणजे आतून मोटर आणि गिअर, वरून डबा. डबा काढायचा, तेलाचा थेंब टाकायचा, परत बसवायचा. रंग आवडला नाही तर घासून दुसरा मारायचा. नवशिक्याच्या हातून तुटण्यासारखं त्यात फार नाही.

आता स्वस्त आणि भिकार यांतला फरक. हा फोटोत दिसत नाही. इंजिन उलटं करून बघावं लागतं. पहिली गोष्ट, मोटर किती चाकांना फिरवते? खेळण्याच्या दर्जाच्या इंजिनात एकाच बोगीत छोटी मोटर असते, दुसरी बोगी नुसती ओढली जाते. चाकं घसरू नयेत म्हणून एखाद्या चाकावर रबराची कडी चढवलेली असते, ती काही महिन्यांत सैल होते. चांगल्या इंजिनात मोटर मध्यभागी असते, दोन्ही बाजूंना शाफ्ट जातो, सगळी चाकं फिरतात. मोटरजवळ पितळेचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील असेल तर उत्तमच. त्याने इंजिन झटका देऊन थांबत नाही, सावकाश थांबतं.

दुसरी गोष्ट, वीज किती चाकांतून घेतो? मॉडेलला वीज रुळातूनच मिळते. चारच चाकं ती उचलत असतील तर सांध्यावर, जिथे रूळ फुटतो, तिथे इंजिन मटकन थांबतं. मग बोटाने ढकला. आठही चाकांतून घेणारं असेल तर ते सांधा पार करतं. तिसरी गोष्ट वजन. हातात घेतल्यावर रिकाम्या साबणाच्या डबीसारखं वाटलं तर ठेवून द्या. इंजिन जड असेल तर चाकं रुळाला धरतात, चार डबे जास्त ओढले जातात.

डीसी-डीसीसीचा गोंधळ एका वाक्यात मिटवते, नाहीतर त्यातच अडकाल. डीसी म्हणजे रुळातली वीज कमी-जास्त केली की वेग कमी-जास्त. डीसीसी म्हणजे प्रत्येक इंजिनात चिप, एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, आवाजही येतो. आवाजासकट नवं इंजिन पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातं. आपण डीसीवर सुरू करायचं. फक्त खोक्यावर ‘डीसीसी रेडी’ लिहिलेलं असेल तर उत्तम, म्हणजे आत सॉकेट आहे, नोकरी लागल्यावर चिप घालता येईल.

आपलं इंजिन, परदेशी अंग

आता सगळ्यांना येणारा प्रश्न. आपल्या रेल्वेचं डिझेल मिळतं का? बॅटरीवर चालणारी देशी प्लॅस्टिकची गाडी दोन-तीनशेत मिळते, लहान भावंडांसाठी ठीक. हुबेहूब मॉडेल मात्र थोड्याच संख्येत, हाताने बनवलेलं मिळतं आणि किंमत त्या हाताची असते. आयात वस्तूचं तर विचारू नका. आयात खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. परदेशात जो ट्रेन सेट ‘बिगिनर’ म्हणून विकतात, तो इथल्या दुकानात बिगिनरच्या खिशात बसत नाही, त्याचं एक कारण हे.

म्हणून इथले बरेच जण वेगळा मार्ग काढतात. अमेरिकन डिझेलचा सांगाडा घ्यायचा आणि वर आपल्या इंजिनाचं अंग चढवायचं. यात फसवाफसवी नाही, नातं खरं आहे. डब्ल्यूडीएम-२ मुळात अमेरिकेच्या ऑल्को कंपनीचं. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर. ऑल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बनवणंच बंद केलं, आपण मात्र तेच डिझाइन पुढे दशकानुदशकं चालवलं. त्यामुळे तिच्या तीन आसांच्या बोगीसारखी बोगी हवी असेल तर ऑल्कोच्या आरएसडी मालिकेतल्या अमेरिकन मॉडेलखाली मिळते. डब्ल्यूडीजी-४ हवं असेल तर अमेरिकेच्या एसडी-७० या इंजिनाकडे बघा, दोन्ही एकाच कंपनीची, चुलत भावंडंच.

एक कबुली मात्र द्यायला हवी. १६.५ ला ८७ ने गुणलं की १४३५ येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचा रूळ. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला खरं तर १९ मिलिमीटरहून जास्त रुंदीचा रूळ हवा. बहुतेक जण याकडे कानाडोळा करतात. मीही केला. आजोबांनी नाही केला, त्यांनी पट्टी घेऊन मोजलं.

ज्यांना माथेरानची गाडी करायचीय त्यांच्यासाठी तर ही गोष्ट फायद्याची आहे. तिथला रूळ फक्त दोन फुटांचा, ६१० मिलिमीटर. एन स्केलचं स्वस्त डिझेल घ्या, त्याच्या ९ मिलिमीटरच्या रुळावर एचओ मापाचं मोठं अंग बसवा. हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण डोळ्याला छोट्या रुळावरची मोठी गाडी दिसते आणि वळणं कितीही आवळा, माथेरानला शोभतात.

सेकंडहँड बाजार

शेवटी मी जुनं इंजिन शोधायला लागले. कल्याणचे एक काका संग्रह कमी करत होते. दारात मला बघून पहिला प्रश्न, “भावासाठी गिफ्ट का?” मी म्हटलं, “नाही, माझ्यासाठी.” मग सुधारून म्हटलं, “आजोबांसाठी.” काका एकदम खूश झाले, चहा आला, तासभर गप्पा. पुण्यात कर्वे रोडजवळचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय बघितलंस का, तेही विचारलं. बघितलंय, शाळेची ट्रिप होती. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं ते संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तेव्हा मी काचेला नाक लावून एकच विचार केला होता की, आत शिरता येईल का.

काकांनी तपासणी शिकवली. सोबत ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायर न्यायच्या, चाकांना लावायच्या. इंजिन फिरलं पाहिजे, दोन्ही दिशांना. मग रुळावर अगदी मुंगीच्या वेगाने चालवायचं. जोरात सगळीच इंजिनं चांगली पळतात, खोट हळू चालवल्यावर कळते. प्रत्येक फेरीला ठरावीक जागी ‘टक्, टक्’ येत असेल तर आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर चिरलेला असतो. दुरुस्त होतो, पण मग भाव पाडून घ्यायचा. कपलर बघायचे, आपल्या डब्यांना जुळतात का. आणि रूळ विकत घेताना निकेल-सिल्व्हरचे घ्यायचे. लोखंडी रूळ आपल्या पावसाळ्यात जुलैपर्यंत गंजतात.

चार आसांचं एक अमेरिकन डिझेल ३२०० रुपयांना ठरलं. खोकं फाटलेलं, रंग उडालेला, पण आठही चाकं फिरणारं, दोन्ही बोग्यांतून वीज घेणारं. खोक्याला पैसे देणारे संग्राहक वेगळे, आपण इंजिनाला देतोय.

घरी आजोबांनी ते चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिलं. मला भीती होती की म्हणतील, हे आपलं नाही. आपली डब्ल्यूडीएम-२ सहा आसांची, हे चार. ते म्हणाले, “चार आसांचंही होतं की आपल्याकडे. डब्ल्यूडीपी-१. बारा सिलिंडरचं, ऑल्कोचंच.” मी शोधून पाहिलं, खरंच होतं, नव्वदच्या दशकातलं. फार बनली नाहीत म्हणून मला माहीत नव्हतं.

पुढचे तीन रविवार जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रंगकाम चाललं. विटकरी लाल, मध्ये पिवळसर पट्टा. आजोबांचा हात थोडा थरथरतो, त्यामुळे पट्टा एका बाजूला किंचित वर चढलाय. आई म्हणाली, चिकटपट्टी लावून परत कर. आजोबांनी ऐकलं नाही. माझं पहिलं, सहा आसांचं इंजिन शेल्फवर शोभेला आहे, प्लाय मोठा होईपर्यंत.

गेल्या रविवारी रूळ कापडाने पुसले, पुण्याची धूळ दर आठवड्याला पुसावीच लागते. कंट्रोलर आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो लगेच फिरवला नाही. आधी डबे जोडलेत का ते बोटाने चाचपून पाहिलं, सांधा बसलाय का पाहिलं. खऱ्या इंजिनाला आठ नॉच असतात, एकेक करत वेग चढवतात. आजोबांनी अंगठ्याने बटण केसभर सरकवलं आणि तोंडाने लंगडा आवाज काढायला सुरुवात केली.