स्की कोणती निवडावी? : दाबाचे एक गणित

पावसाळ्यात भिवापूरच्या शिवारातून चालला असाल, तर तिथल्या काळ्या मातीचा एक गुण तुमच्या चांगलाच लक्षात असेल. पाऊल टाकले की ते घोट्यापर्यंत रुतते, आणि पाय ओढून काढला तर चप्पल आतच राहते! पण त्याच चिखलावर लाकडी फळी टाकली, की तिच्यावरून खुशाल चालता येते. माणसाचे वजन तेच, चिखलही तोच. मग फरक कशाने पडला? वजन अधिक क्षेत्रफळावर वाटले गेले, म्हणून दाब कमी झाला.

भिवापुरात बर्फ पडत नाही. परंतु काश्मीरमधील गुलमर्ग किंवा उत्तराखंडातील औली येथे बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना ज्या लांबट पट्ट्या लावतात, त्या ‘स्की’चे मूळ तत्त्व या फळीचेच आहे.

थोडा हिशोब करू. समजा, एका मुलाचे वजन ६० किलोग्रॅम आहे आणि त्याच्या बुटाच्या तळव्याचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आहे. चालताना सारे वजन एका पायावर येते, तेव्हा दर चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम भार पडतो. आता त्याने १७० सेंटिमीटर लांब आणि सरासरी १० सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की घातल्या. क्षेत्रफळ झाले ३,४०० चौरस सेंटिमीटर आणि भार उरला जेमतेम १८ ग्रॅम! स्की १८० सेंटिमीटर लांब व १२.५ सेंटिमीटर रुंद असल्या, तर तो १३ ग्रॅमच्या आसपास येतो. भुसभुशीत बर्फात हाच फरक तरंगणे आणि बुडणे यांतला फरक ठरतो.

मग सर्वांत रुंद स्की सर्वांत चांगली काय?

नाही. उतारावर वळायचे किंवा थांबायचे असेल तर स्की कलती करून तिची पोलादी कड बर्फात रुतवावी लागते. इथे दाब कमी नव्हे, जास्त हवा असतो. विळ्याची धार बारीक असते म्हणूनच तो कापतो, तसेच हे आहे. स्की रुंद असली की कड पावलाच्या मध्यापासून दूर जाते. पावलाखाली ८.५ सेंटिमीटर रुंद असलेल्या स्कीची कड मध्यापासून ४.२५ सेंटिमीटरवर असते, तर ११.५ सेंटिमीटरच्या स्कीची ५.७५ सेंटिमीटरवर. तरफेचा नियम आठवा : ही भुजा वाढली की घोट्यावर व गुडघ्यावर येणारा ताणही वाढतो. कडक, गोठलेल्या उतारावर कड वेळेवर रुतली नाही, तर स्कीपटू थेट खाली घसरत जातो.

स्की नीट पाहिली तर ती डमरूसारखी कमरेत बारीक दिसते. अशा स्कीच्या प्रसाराचे श्रेय नॉर्वेतील टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नॉरहाइम (१८२५–१८९७) याला दिले जाते. कलती केलेली स्की दाबाखाली वाकते आणि तिची कड वर्तुळाचा कंस बनते. समजा, कडेची लांबी १६० सेंटिमीटर आणि कमरेपाशी आत गेलेला भाग १.५ सेंटिमीटर आहे. जीवेच्या लांबीचा वर्ग, भागिले आत गेलेल्या भागाची आठपट, हे सूत्र वापरले तर त्रिज्या सुमारे २१ मीटर येते. कंबर जितकी बारीक, तितके वळण आखूड.

दोन खेळ, दोन स्की

गुलमर्गचा गोंडोला अफरवट पर्वतावर ३,९०० मीटरहून अधिक उंचीपर्यंत नेतो. अशा पहाडावरच्या खोल, न तुडवलेल्या बर्फातून उतरण्यासाठी लांब आणि रुंद स्की लागते. वळणाची त्रिज्या मोठी असली की ती वेगातही स्थिर राहते. तिचे पुढचे टोक डोंग्याच्या टोकासारखे दुरूनच वर उचललेले असते, म्हणून ते बर्फात घुसत नाही. शेन मॅककॉन्की या स्कीपटूने अलास्काच्या बर्फावर चक्क पाण्यावरच्या स्की वापरून पाहिल्या. त्याच्या कल्पनेवरून २००२ मध्ये ‘स्पॅचुला’ नावाची, टोके वर वळलेली रुंद स्की बाजारात आली.

फ्रीस्टाइलमध्ये उड्या, गिरक्या आणि उलट दिशेने उतरणे असते. म्हणून या स्कीची दोन्ही टोके वर वळलेली असतात आणि बूट स्कीच्या मध्याजवळ बसवतात. स्की आखूडही असते. का? हवेत गिरकी घेताना फिरण्याला होणारा विरोध स्कीच्या वस्तुमानावर आणि लांबीच्या वर्गावर अवलंबून असतो. आखूड स्कीचे वस्तुमानही त्याच प्रमाणात घटले असे धरू. मग १८० ऐवजी १७० सेंटिमीटरची स्की घेतली, तर लांबी साडेपाच टक्केच घटते, पण विरोध सुमारे १६ टक्के घटतो! स्लोपस्टाइल आणि हाफपाइप हे असे दोन प्रकार २०१४ पासून ऑलिंपिकमध्ये आहेत.

एक गोष्ट मात्र दोन्ही खेळांना सारखीच लागू आहे. स्कीला बूट धरून ठेवणारी पकड पडताना ठराविक पीळ बसला की सुटते आणि पाय वाचतो. ती वजन, उंची, वय, कौशल्य व बुटाच्या तळव्याची लांबी पाहून जाणकाराकडून लावून घ्यावी लागते. मित्राच्या मापाची पकड आपल्या गुडघ्याला महागात पडू शकते. तसेच, स्की कितीही चांगली असली तरी ती हिमस्खलन थांबवत नाही.

करून पाहा

एका ताटात चाळलेली राख सैल पसरा. पुठ्ठ्याच्या १५ सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या घ्या, एक २ आणि दुसरी ४ सेंटिमीटर रुंद. दोन्हींवर पाळीपाळीने सारखेच वजन ठेवून राखेतील खळगा मोजा. मोठ्या पट्टीचा खळगा बरोबर निम्मा येतो का? राख हाताने दाबून घट्ट केल्यावर काय होते?

आता एक पट्टी कमरेत बारीक कापा, टेबलावर कलती धरून मध्यभागी दाबा आणि तिची कड कशी वाकते ते पाहा.

म्हणून ‘सर्वांत चांगली स्की कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या बर्फावर, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या वजनासाठी, हे आधी विचारले पाहिजे. चिखलावर फळी टाकणारा शेतकरी मिरची चिरायला मात्र विळाच घेतो!