दाराचे दोन रंग

दसरा उलटला की आमच्या यवतमाळात घरोघर चुना भिजू लागतो. आमच्या जुन्या घराच्या भिंतींविषयी कधी वाद होत नाही. वणीजवळच्या राजूरचा चुना, त्यात चिमूटभर नीळ, झाले! मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा हाच पांढरा रंग ऊन परतवून लावतो. वाद होतो तो पुढच्या सागवानी दारावरून. ते गडदच हवे, यावर मात्र एकमत. हातांचे डाग आणि पावसाळ्यातले काळ्या मातीचे शिंतोडे त्यावर उठून दिसत नाहीत.

यंदा हिचा कौल नेहमीच्या कोकमी रंगाला, ज्याला दुकानदार मरून म्हणतो. माझा बाटलीच्या हिरव्याला. माझ्याजवळ सांगण्यासारखे कारण एकही नव्हते. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे पोपटी, मोरपंखी, शेवाळी अशी हिरव्याची नावे तेवढी घडाघडा म्हणून दाखवली. "नावं लावायची आहेत का दाराला?" हिने विचारले. अखेर रंगाऱ्याने तोड काढली. एक कवाड कोकमी रंगवले, दुसरे हिरवे. भर दुपारी आम्ही दोघे अंगणात उभे राहून पाहत होतो. दोन्ही सारखीच गडद, सारखीच देखणी. वाद जिथल्या तिथे!

एक गोष्ट मात्र दोघांच्याही मनात सलत होती. श्रावणात तुळशीपाशी दिवा लावून परतताना आई याच दारावर आदळली होती. कपाळाला तीन टाके पडले. "दार उघडं वाटलं रे," एवढेच ती म्हणाली. आईचे वय 81. आम्ही ते वयाच्या खाती मांडून मोकळे झालो.

त्या संध्याकाळी वीज गेली होती. दोन्ही कवाडे लोटलेली. आई तुळशीकडून आली, पायरीशी थबकली आणि म्हणाली, "एकच कवाड काहून लावलं? हे तं उघडंच आहे." तिने हात पुढे केला, तो कोकमी कवाडावर टेकला.

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. हिरवे कवाड करडे का होईना, दिसत होते. कोकमीच्या जागी नुसती काळी पोकळी. माझ्या डोळ्यांनाही! उजेड मंदावला की डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी कामाला लागतात. त्यांना निळसर हिरवा सर्वांत चांगला जाणवतो. तांबडा जवळजवळ नाहीच. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने संधिप्रकाशातली रंगांची ही अदलाबदल 1825 मध्येच लिहून ठेवली होती. आमच्या अंगणात ती पोहोचायला दोनशे वर्षे लागली, आणि तीन टाके.

ही काही बोलली नाही. सकाळी तिनेच रंगाऱ्याला कोकमीचा डबा परत न्यायला सांगितले. शिवाय कवाडांच्या कडांना दोन-दोन बोटे पांढरा पट्टा मारायला लावला. अर्धवट उघड्या दाराची कड कोणत्याही रंगाची असली तरी कपाळाला लागतेच. रंगारी कुरकुरला, "सर, चांगल्या सागवानी दाराला हे कसं दिसते!"

"दिसते नं?" आई आतून म्हणाली. "मंग मार."