अँडीजच्या पायथ्याची द्राक्षे

अर्जेंटिनातील मेंडोझा प्रांतात वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही देशातील बहुतांश वाइन याच वाळवंटी भूमीत तयार होते. तेथील युको खोऱ्यातील मळे समुद्रसपाटीपासून हजार-दीड हजार मीटर उंचीवर आहेत. प्रखर उन्हातील अतिनील किरणांमुळे माल्बेक द्राक्षाची साल जाड होते, तिच्यातील रंगद्रव्ये वाढतात. थंडगार रात्रींमुळे आम्लता टिकते. म्हणूनच तेथील वाइन गडद, तरीही तजेलदार असते. हवा कोरडी असल्याने बुरशीचा उपद्रव कमी. गारपिटीचे भय मात्र नाशिकच्या बागाइतदाराला वेगळे सांगावयास नको! हुआर्पे आदिवासींपासून चालत आलेल्या पाटांच्या परंपरेने अँडीजचे हिमजल मळ्यांना मिळते. २०१० नंतर दशकभर हिमवर्षाव उणा राहिला, आणि पाणी कोणास किती द्यावे, हा तेथे कळीचा प्रश्न झाला आहे.