परदेशातला पगार (६) : बाईंचा पगार, साहेबांचं पॅकेज

शारजातल्या अल नहदा भागात पुतणीच्या घरी जेवणं आटोपली. तिनं ओटा पुसला, हात कोरडे केले आणि दोन कागद माझ्यापुढं ठेवले. "काका, दर आठवड्याला लोकांना पगार समजावून सांगता ना, आता हे बघा."

एक पत्र दुबईच्या अल कुसैस भागातल्या, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेचं. अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवायचं, महिना ४,५०० दिरहम. दुसरं देरामधल्या एका व्यापारी कंपनीचं, हिशेब विभागात, ६,५०० दिरहम. पोरगी एम.कॉम., बी.एड.; दोन्हीकडे चालणारी. जावई बांधकाम कंपनीत इंजिनियर, घरभाडं त्याच्या कंपनीकडून.

तिकडं पगारावर प्राप्तिकर नाही. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला, त्यामुळे रुपया घसरला की तिथल्या माणसाला बसल्या जागी पगारवाढ मिळाल्यासारखं वाटतं. एका दिरहमचे २४ रुपये धरले तर ४,५०० म्हणजे लाखाच्या वर. महाराष्ट्रात हेच विषय शिकवायला शिक्षणसेवक म्हणून ती लागली असती तर २०२३ च्या वाढीनंतरही उच्च माध्यमिकला मानधन २०,००० रुपये. सगळी गंमत या पाचपटीत आहे.

दुबईतच ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत इंग्लंडहून आणलेल्या शिक्षकाला दहा-बारा हजार दिरहम, वर राहायची सोय, वर्षाचं विमानाचं तिकीट, मुलांच्या फीत सवलत असं मिळताना दिसतं. फळा तोच, पोरं तेवढीच दंगेखोर. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेत नवख्या शिक्षकाचा पगार सप्टेंबर २०२४ पासून (लंडन सोडून) वर्षाला ३१,६५० पौंड झाला. त्याचे दिरहम केले तर महिन्याला बारा हजारांच्या वर जातात. तेवढं दिल्याशिवाय तो विमानात बसायचाच नाही. आमची पोरगी मात्र २०,००० रुपयांच्या तुलनेत ४,५०० दिरहम पाहून बसते. शाळा तिला शिकवण्याची किंमत देतच नाही. घरी काय मिळालं असतं, त्यावर पुरेसा चढावा देते.

शाळेची बाजूही ऐकून घेऊ. भारतीय शाळेत फी वर्षाला ९,००० दिरहम धरली आणि वर्गात ३० मुलं, तर वर्गाचं उत्पन्न २,७०,०००. ब्रिटिश शाळेत ५०,००० फी आणि २४ मुलं धरली तर १२,००,०००. दुबईत फी मनाला येईल तशी वाढवता येत नाही. केएचडीए हे शिक्षण-नियामक मंडळ तिच्यावर लक्ष ठेवून असतं. त्यामुळे स्वस्त शाळेतल्या बाईंचा पगार स्वस्तच राहतो, आणि स्वस्त शाळा हवी असते ती आपल्यासारख्याच घरांना.

आता शाळा विरुद्ध ऑफिस. आकड्यांतला फरक महिन्याला २,०००, वर्षाला २४,०००. पेन्सिल घेऊन बसलो. शाळेत लेकाची फी निम्मी माफ, म्हणजे ४,५०० वाचले. बाई साडेतीनपर्यंत घरी, लेक सोबतच. ऑफिस घेतलं तर संध्याकाळी सात वाजेतो त्याला सांभाळायला कुणाकडे तरी ठेवायचं. शेजारची केरळी ताई महिना ८०० घेते, वर्षाचे ९,६०० झाले. उरले ९,९००. त्यात रोजचं देराचं जाणं-येणं. उन्हाळ्याची भरपगारी सुट्टी कशात मोजायची ते मला जमलं नाही; पुतणी म्हणाली, "काका, जुलैत सगळेच गावी निघतात. तिकिटांत सुट्टीचा नफा गेला."

तेवढ्यात नजर पत्राच्या दुसऱ्या पानावर गेली. शाळेच्या ४,५०० मध्ये बेसिक फक्त २,०००, बाकी भत्ते. ऑफिसच्या पत्रात बेसिक ४,०००. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी तिथं बेसिकवर मोजतात : पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढं वर्षाला ३० दिवसांचा. आठ वर्षं शिकवलं तर शाळेकडून १३,००० दिरहम हाती येतील. सगळा पगार बेसिक असता तर २९,२५० आले असते. भत्त्यांचे कप्पे पाडून निम्म्याहून जास्त रक्कम उडवली, आणि तीही कायद्यात बसवून. असली कारागिरी ऑफिसांतही चालते, पण तिथला माणूस निदान पत्र उलटून तरी बघतो. बाईंना सांगतात, "टोटल बघा ना मॅडम."

शिकवणीचा मुद्दा राहिला. डिसेंबर २०२३ पासून तिथं खासगी शिकवणीचा परवाना मिळतो, दोन वर्षांचा, विनाशुल्क. त्याआधी बारावीच्या पोरांना घरी बसवणं म्हणजे चोरीचा मामला होता. नोकरीतल्या शिक्षकाला त्यासाठी शाळेचा ना-हरकत दाखला लागतो. तो मिळाला आणि अकाउंट्सची चार मुलं आली, तर ऑफिसचा वरचढपणा संपलाच.

पण मला खटकत होती ती दोन्ही पत्रांतली एक ओळ. निवास : लागू नाही. कारण व्हिसा नवऱ्याचा, घर नवऱ्याच्या कंपनीचं. भारतीय शाळांतल्या कितीतरी बायका अशाच नवऱ्याच्या व्हिसावर आहेत. घराचा खर्च दुसऱ्याच कुणीतरी उचलल्यावर शाळेला ४,५०० मध्ये बाई मिळते. जावयाच्या कंपनीनं भरलेलं भाडं एका अर्थी त्या शाळेचं अनुदानच!

"आणि यांची नोकरी गेली तर?" तिनं हळूच विचारलं. जावई आत टीव्ही बघत होते.

२०१९ पासून कुटुंबाचा व्हिसा काढायला महिना ४,००० दिरहम पगार पुरतो, किंवा ३,००० आणि राहायची सोय. बाईमाणसालाही. म्हणजे ४,५०० वर ती कागदोपत्री नवऱ्याला आणि लेकाला ठेवून घेऊ शकते. अल नहदातल्या या एका बेडरूमचं भाडं वर्षाला चाळीसेक हजार. तिचा वर्षाचा पगार ५४,०००. उरलेल्या १४,००० त तिघं.

तिनं कागद पुन्हा घडी केले. दुसऱ्या दिवशी शाळेला मेल पाठवला : एकूण रक्कम तीच ठेवा, बेसिक मात्र ३,५०० करा. हा भाग छापायला देईपर्यंत उत्तर आलेलं नाही.