पदवी, प्रदेश आणि रोजगार

महाविद्यालय निघाले की प्रदेशाची भरभराट होते आणि पदवी मिळाली की नोकरी लागते, असे आपण सर्रास मानतो. या समजुतींची पारख करण्यास मराठवाड्याचा इतिहास उपयोगी पडतो.

निजामी राजवटीत येथील विद्यार्थ्याला पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

या शिक्षणाने प्रदेशाला आधी कारखाने दिले नाहीत. शिक्षक, वकील, कारकून आणि अधिकारी दिले. त्यांच्या पगारातून गावाकडे पक्की घरे उभी राहिली, धाकट्या भावंडांची फी भरली गेली. मजुराचा मुलगा शिक्षक झाला की त्याच्या मुलांचे शिक्षण गृहीतच धरले जाते. शिक्षणाचे खरे आर्थिक फळ असे दुसऱ्या पिढीत दिसते.

मात्र उद्योग आले ते मुख्यतः चिकलठाणा, वाळूज अशा शहरालगतच्या वसाहतींत. बीड, हिंगोली, परभणीचे पदवीधर आजही पुण्या-मुंबईची वाट धरतात. शिक्षणाचा खर्च खेड्यातले घर सोसते, लाभ दुसऱ्या शहराला होतो. महाविद्यालयाच्या जोडीला पाणी, रस्ते व उद्योग नसतील, तर पदवी स्थलांतराचा परवाना ठरते.

केंद्र शासनाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२२-२३ मध्ये देशातील बेरोजगारीचा दर सुमारे ३ टक्के होता, पदवीधरांमध्ये मात्र सुमारे १३ टक्के. म्हणून शिक्षण व्यर्थ ठरत नाही. निरक्षर मजुराला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते काम पत्करतो. पदवीधर साजेशा कामासाठी थांबतो. ज्याच्या पाठीशी शेती वा दुकान नाही, त्याला हे थांबणे फार जड जाते. त्यातच कायम सरकारी पदांची जागा कंत्राटी कामे घेत आहेत आणि खाजगी नोकरीत आरक्षण नाही.

पदवीचे पेढे घेऊन आलेला विद्यार्थी दोन वर्षांनी शिपाई भरतीचा अर्ज कसा भरावा हे विचारायला येतो, तेव्हा शिक्षक म्हणून माझी मान खाली जाते. माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे : कोणत्या अभ्यासक्रमातून कोणते काम मिळते, हे दहावीच्या मुलांना येऊन सांगा, आपल्या कार्यालयात वा कारखान्यात शिकाऊ उमेदवारीची वाट दाखवा, नोकरी शोधणाऱ्याला शहरात महिनाभर आसरा द्या. आपल्याला कुणीतरी असाच हात दिला होता, याचे स्मरण असू द्यावे.